वाचनात साडेतीन

छापखान्यात त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते प्रूफवाले. छपाईआधीचा कच्चा कागद त्यांच्या टेबलावर यायचा, ते त्यातल्या चुका लाल शाईने टिपायचे, आणि मगच यंत्र सुरू व्हायचं. तेवीस वर्षं हेच. नवीन गिऱ्हाईक आलं की मालक त्याला दंडाला धरून टेबलापाशी आणायचे आणि सांगायचे, "यांच्या नजरेखालून मुंगी जाईल, टिंब जाणार नाही." मग खोकायचे. मालकांचं कुठलंही महत्त्वाचं वाक्य खोकल्याशिवाय पुरं होत नसे.

छापखान्यात मुख्य काम औषधांच्या माहितीपत्रकांचं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो माणूस एकदा उघडतो आणि पुन्हा घडी जमत नाही म्हणून फेकून देतो, तो. सगळा इंग्रजीत, तीळ पसरावेत तसल्या अक्षरांत. प्रूफवाल्यांसमोर बाई बसायच्या. बाई मूळ मजकूर मोठ्याने वाचायच्या, प्रूफवाले छापील कागदावर पट्टी सरकवत पडताळायचे. बाईंचं ते इंग्रजी ऐकून इंग्रजाने कानात बोटं घातली असती, पण पडताळायला ते पुरायचं. स्वल्पविरामसुद्धा उच्चारून वाचायचा हा नियम. अठरा वर्षांत तो बाईंच्या जिभेला असा चिकटला की विचारायच्या, "भाऊ स्वल्पविराम चहा सांगू का प्रश्नचिन्ह?" आणि प्रूफवाले मान वर न करता म्हणायचे, "सांगा पूर्णविराम."

या कामाचा एक कायदा होता. तो प्रूफवाल्यांना कामावर लागल्याच्या पहिल्याच वर्षी कळला. तेव्हा छापखान्यात एक मासिकही छापलं जाई. त्यातली एक गोष्ट तपासताना प्रूफवाले, म्हणजे तेव्हाचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगेला माणूस, असा रंगला की शेवटी डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटच्याच पानावर एक अख्खी ओळ दोनदा छापली गेली. त्यांना काम शिकवणाऱ्या थोरल्या प्रूफवाल्यांनी ते पान त्यांच्या नाकासमोर धरलं.

"रडलास?"

"थोडंसं."

"रडायचं असेल तर विकत घे आणि घरी जाऊन रड. इथे अक्षरं बघायची. मजकुरात घुसलास की संपलास."

त्यांनी कानाला खडा लावला. पुढे मजकुरात घुसायचं नाही याची सवय झाली, सवयीची कला झाली, आणि कला इतकी अंगात मुरली की दिवसाला पन्नास पानं डोळ्यांखालून गेली तरी डोक्यात एक शब्द राहत नसे. घरी वर्तमानपत्र वाचलं तरी तेच. बायको विचारायची, "काय म्हणतोय पेपर?" ते म्हणायचे, "आज पहिल्या पानाची शाई फिकी आहे."

बायको परिचारिका. सहा वर्षांपूर्वी ती परदेशी गेली, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात नोकरीला. मूलबाळ नव्हतं. दोघांचं ठरलं होतं, आधी तिने जायचं, जम बसला की यांनी. चार वर्षांनी तिला कायम राहण्याचा परवाना मिळाला. नियम असा, की परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत जोडीदाराला बोलावता येतं. फक्त जोडीदाराने इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि ऐकणं, बोलणं, लिहिणं, वाचणं या चारही भागांत नऊपैकी किमान साडेपाच गुण मिळवायचे.

"वाचनाची तर चिंताच नको," बाई म्हणाल्या होत्या. "दिवसभर इंग्रजीच तर वाचता."

मालकही म्हणाले होते, "परीक्षकाच्याच चुका काढून याल." आणि खोकले होते.

तसंच झालं. परीक्षेत तिसऱ्या पानावर एक स्वल्पविराम सुटला होता. प्रूफवाल्यांनी हात वर केला. पर्यवेक्षक आला. प्रूफवाल्यांनी पानावर बोट ठेवून हळूच सांगितलं, "सर, पेज थ्री. कॉमा गॉन." पर्यवेक्षकाने त्यांच्याकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाला, "टॉयलेट? डावीकडे." तास संपला तेव्हा तीन उताऱ्यांपैकी दीड उतारा तपासून झाला होता. चाळीस प्रश्नांपैकी सोडवलेले अकरा. त्यातल्याही 'खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलं नाही' या सगळ्या प्रश्नांना त्यांनी 'दिलेलं नाही' असं लिहिलं होतं, कारण त्यांना तरी काहीच दिसलं नव्हतं.

ऐकणं सहा. बोलणं साडेपाच. लिहिणं साडेपाच, तेही निबंध पाठ करून. वाचन साडेतीन.

छापखान्यात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. प्रूफवालेही हसले. घरी येऊन मात्र ते बराच वेळ चपला न काढता खुर्चीवर बसून होते.

दुसऱ्या खेपेला फक्त वाचन द्यायचं होतं. चार आले. आता तिसरी खेप, आणि अर्जाची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची वीस. यानंतर परवाना नाही, बोलावणं नाही, काही नाही. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी त्यांनी क्लास लावला.

क्लास छापखान्याच्या वाटेवर, एका शिंप्याच्या दुकानावर होता. खालून शिलाई यंत्राची घरघर, वर मॅडमचा आवाज. मॅडम पंचविशीच्या, चुणचुणीत, आणि दर वाक्याला स्वतःच विचारून स्वतःच उत्तर द्यायच्या. "वाचायचं नाही. नजर फिरवायची. ओके ना? ओके. मुद्दा पकडायचा, बाकी सोडायचं. ओके ना? ओके." प्रूफवाल्यांना हे ऐकूनच घाम फुटायचा. सोडायचं? त्यांना टिंब सोडायची सवय नव्हती, इथे अख्खी ओळ सोडायला सांगत होते.

पहिल्या आठवड्यात मॅडमनी त्यांना एक पान दिलं. पाच मिनिटांनी पान उलटं करून ठेवायला सांगितलं.

"बोला काका. काय होतं?"

"एकोणचाळीस ओळी," प्रूफवाले म्हणाले. "दुसऱ्या परिच्छेदात अक्षरं जरा दाटलीत. खाली एके ठिकाणी दोन शब्दांमध्ये जागा जास्त सुटलीय."

"आणि विषय?"

प्रूफवाल्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "इंग्रजीच."

अख्खा वर्ग खिदळला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "काका, ते देवमाशांबद्दल होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसते देवमासे."

"असतील," प्रूफवाले म्हणाले.

मॅडमनी त्यांना वर्गानंतर थांबवून घेतलं, काम काय करता ते विचारलं, आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग एका चिठोऱ्यावर तीन प्रश्न लिहून दिले. कोण बोलतंय? त्याला काय हवंय? आणि काय सांगायचं तो टाळतोय? "रोज मिळेल तो कागद घ्यायचा, एकदाच वाचायचा, उलटा ठेवायचा, आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची. इंग्रजी असो नाहीतर आपली भाषा. विजेचं बिल, लग्नाची पत्रिका, घरून आलेलं पत्र, काहीही. लाल पेन खिशात ठेवायचं नाही. ओके ना?" या वेळी त्या उत्तरासाठी थांबल्या.

"ओके," प्रूफवाले म्हणाले.

पहिले पंधरा दिवस काहीच होईना. मग एका दुपारी, बाई खोकल्याच्या औषधाचं पत्रक वाचत असताना, प्रूफवाल्यांची पट्टी थांबली.

"बाई, हे घेतल्यावर झोप येते म्हणे. यंत्र चालवू नये म्हणे."

"कोण म्हणे?"

"हाच कागद. मालक हेच घेतात ना? तरीच जेवल्यावर केबिनमध्ये आडवे होतात!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ, आपल्याला काय करायचंय? वाचू का पुढे?"

पण प्रूफवाल्यांना आता राहवेना. कुठली गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, कुठल्या मलमाने चट्टे उठतात, कुठल्या थेंबांनी म्हाताऱ्यांना चक्कर येते. तेवीस वर्षं जो मजकूर डोळ्यांखालून मुकाट गेला होता, तो एकदम बोलायला लागला. ते बाईंना थांबवून विचारायचे, "मग गरोदर बाईने काय करायचं? पुढच्या ओळीत बघा ना!" सिनेमा मध्येच थांबल्यासारखं. क्लासात गुण वाढत गेले. साडेचार, पाच, एकदा तर सहा. मॅडमनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

आणि त्याच आठवड्यात लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक छापून झालं, त्यात वजनानुसार प्रमाण सांगणाऱ्या तक्त्यातली एक ओळ गायब होती. गठ्ठे बांधून झाले होते तेव्हा बाईंच्याच ते लक्षात आलं. सगळी छपाई रद्दीत गेली. मालकांनी प्रूफवाल्यांना बोलावलं, कागद दाखवला, आणि म्हणाले, "तुमच्या हातून?" पुढे काही बोलले नाहीत. खोकलेसुद्धा नाहीत. प्रूफवाले जागेवर परतले. बाईंनी न विचारता चहा सांगितला.

"जाऊ दे भाऊ," बाई म्हणाल्या. "आता इथे राहायचंय कुठे तुम्हाला? महिन्याभराने विमानात बसाल. वहिनींना सांगितलं का, सहा मिळाले ते?"

रविवारी सांगितलं होतं. दर रविवारी संध्याकाळी फोन व्हायचा, आणि तो दर रविवारी सारखाच व्हायचा. "जेवलात का?" "अजून नाही. तू?" "मी उठतेय आत्ता." "थंडी आहे?" "आहे. तिकडे?" "इकडे नाही." यावेळी त्यांनी मध्येच घुसवलं होतं, "क्लासात सहा आले." ती म्हणाली होती, "अरे वा." मग थोड्या वेळाने, "तब्येतीला जपा."

मोठं काही सांगायचं असलं तर ती लिहायची. ड्युटीच्या वेळा विचित्र, फोनवर बोलायला शेजारी कोणीतरी असायचंच, म्हणून ती मोबाइलवर लांबलचक मजकूर पाठवायची. प्रूफवाले ते सगळे मजकूर छापखान्यातल्या यंत्रावर कागदावर काढून, तारीखवार लावून, फायलीत ठेवत. प्रेमाचा त्यांना जमणारा प्रकार तो होता.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना, सरावाला नवीन कागद हवा म्हणून त्यांनी ती फाईल काढली. घरून आलेलं पत्र चालेल असं मॅडमच म्हणाल्या होत्या. मधलाच एक कागद उपसला, दीड वर्षापूर्वीचा. एकदाच वाचला. उलटा ठेवला.

कोण बोलतंय? माझी बायको. तिला काय हवंय?

त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला.

"गेल्या आठवड्यात चार दिवस मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होते. इतकी वर्षं उभी राहून इतरांची उशी सारखी केली, या वेळी माझी कोणीतरी करत होतं. गाठ लहान होती म्हणाले. काढली. तपासायला पाठवली होती, त्याचा निकाल काल आला, घाबरण्यासारखं नाही. निकाल येईपर्यंतचे सहा दिवस मात्र लांब होते. कोणाला सांगावं कळेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा रोज यायचा आणि काही न बोलता नुसता बसायचा. असं नुसतं बसता येतं माणसाला, मला माहीतच नव्हतं. टाके सोमवारी काढतील. तुम्हाला वाटलं तर फोन करा, रविवारची वाट बघू नका."

त्याखाली यांनी पाठवलेलं उत्तरही लाल शाईने उतरवून ठेवलेलं होतं. "पाचव्या ओळीत 'सांगावं' वरचा अनुस्वार पुसट आहे, बाकी उत्तम. रविवारी बोलू."

प्रूफवाले स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. कागद तोच होता. तो त्यांनी त्या वेळीही पूर्ण वाचला होता. दोनदा वाचला असेल, त्यांच्या पद्धतीने, पट्टी धरून.

मग त्यांनी मागचे-पुढचे सगळे वाचले. त्याआधीच्या पत्रांत ती खोलीचं वर्णन करायची, तुमची खुर्ची खिडकीशी ठेवू की दाराशी, असं विचारायची. त्या पत्रानंतर खुर्ची आली नाही. मजकूर आखूड होत गेले. निवासातल्या म्हाताऱ्यांच्या गमती, हवामान, तब्येतीला जपा. दीड वर्षात 'तुम्ही या' असं एकदाही नव्हतं. परीक्षा कशी झाली हे होतं. 'लवकर पास व्हा' हे नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना क्लासची गरज पडली नाही.

मंगळवार होता. ते रविवारची वाट न बघता छापखान्याच्या जिन्यात जाऊन उभे राहिले आणि फोन लावला.

"काय झालं?" तिचा आवाज घाबरा. "बरे आहात ना?"

"मी बराय. अगं... ती गाठ."

पलीकडे बसच्या थांब्यावरचा गोंगाट होता. मग तो कमी झाला. ती बाजूला सरकली असावी.

"अहो, दीड वर्ष झालं त्याला."

"मी आज वाचलं."

"उत्तर तर तेव्हाच आलं होतं तुमचं."

"हो. ते वाचलं नव्हतं. तपासलं होतं."

ती हसली. हसणं मध्येच तुटलं. "कामावरच्या एका नर्सने मला विचारलं, नवऱ्याचं आलं का उत्तर, काय म्हणतो? मी म्हटलं, बाकी उत्तम म्हणतो."

प्रूफवाल्यांनी जिन्याच्या कठड्याला धरलं. "रागावलीस?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. राग जातो. सवय झाली मला. सोमवारी टाके काढून एकटीच चालत घरी आले. वाटेत भाजी घेतली. वाटलं, अरे, जमतंय की."

"मी पास झालो तर?"

"व्हा ना. इतके कष्ट घेताय."

"हे उत्तर नाही. तू टाळतेयस."

मग ती अगदी हळू, तिच्या म्हाताऱ्यांना औषध पाजताना बोलत असेल तशा आवाजात म्हणाली, "तुम्ही दोनदा नापास झालात ना, तेव्हा मला वाईट वाटलं. दोन्ही वेळा वाटलं, खोटं नाही सांगत. पण त्या दोन्ही दिवशी मला झोप चांगली लागली. आता हे कसं सांगायचं माणसाने? माझी बस आली. ठेवते हं."

परीक्षा द्यायला ते गेले. पैसे भरले होते, मॅडमनी जीव तोडून शिकवलं होतं, आणि न जाण्याचं कारण कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. या वेळचे उतारे मधमाश्या, जुने पूल आणि एकट्याने प्रवास करणाऱ्या पक्ष्यांबद्दल होते. त्यांना सगळं कळत होतं. एकेक वाक्य सरळ आत येत होतं, अडवायला कोणी नसल्यासारखं. आठ मिनिटं उरली तेव्हा चाळीसही प्रश्न सोडवून झाले होते. पानांत कुठे चूक होती का, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वाचनात साडेसहा.

त्यांनी निकालाचा फोटो तिला पाठवला. सोळा तारीख होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं आलं: "अभिनंदन! मनापासून. तुमच्या बोलावण्याचा अर्ज मी भरून ठेवलाय, सही केलीय. वीसच्या आत पाठवावा लागेल. तुम्ही म्हणाल तसं करते. खोली लहान आहे, पण होईल."

प्रूफवाल्यांनी ते एकदाच वाचलं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर तिने त्याच दिवशी अर्ज टाकला असता. विमानतळावर घ्यायला आली असती. त्यांची उशी सारखी केली असती, गोळ्या वेळेवर दिल्या असत्या, आणि कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नसतं. इतकी वर्षं ती तेच काम तर करत होती.

आंघोळ केली, चहा केला, तो गार होऊ दिला. मग उत्तर लिहिलं: "नको पाठवूस."

दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळी छापखान्यातून परत येताना खिशात फोन वाजला. एकच शब्द होता. "थँक्यू."

चोवीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना थँक्यू म्हटल्याचं त्यांना आठवेना. असं नवऱ्याला कोण म्हणतं? ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मागून सायकलवाला ओरडला, "काका, जागा द्या की!" त्यांनी दिली.

बाईंना त्यांनी वीस तारीख उलटल्यावर सांगितलं. बाई कागद वाचता वाचता थांबल्या. "म्हणजे? पास होऊन?"

"हो."

"पण मग एवढं केलंत कशाला भाऊ?"

प्रूफवाल्यांनी खांदे उडवले. मालकांनी त्यांना माहितीपत्रकांवरून काढून लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर बसवलं होतं. तिथे एखादी ओळ सुटली तर कोणाला ताप चढत नाही. बाईंच्या समोर आता नवीन तपासनीस बसणार होता.

महिन्याअखेर क्लासने शिंप्याच्या दुकानावर मोठा फलक लावला. फलकावर प्रूफवाल्यांचा फोटो, डोक्यामागे निळं आकाश, खांद्यावरून उडणारं विमान. 'वय एकावन्न! वाचनात साडेतीनवरून साडेसहा! लवकरच परदेशी, पत्नीच्या भेटीला!' प्रूफवाले जिना चढून वर गेले आणि मॅडमना म्हणाले, तेवढा माझा फोटो काढता येईल का.

"काका, लाजता काय! तुम्ही आमचे हिरो!" मॅडमचे डोळे चमकत होते. "आणि आता छापून झालाय ना, सहा महिने राहणारच. मला सांगा, कधीची फ्लाइट? काकू खूश असतील. ओके ना?"

"ओके," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते छापखान्यात मागच्या गल्लीने जातात. सात मिनिटं जास्त लागतात.